जुहू ते कराची: अंतर किती, वेळ किती?

एस. व्ही. रोडवरून बसने जाताना जुहू विमानतळावरून उठणारी हेलिकॉप्टर दिसतात. 15 ऑक्टोबर 1932 रोजी याच मैदानावर जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. एका इंजिनाचं छोटं ‘पस मॉथ’ विमान, वाटेत अहमदाबादला पेट्रोलसाठी थांबा. सकाळी निघाले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोहोचले.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या दिवशी टाटांनी एकही सरहद्द ओलांडली नव्हती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. 1 एप्रिल 1936 ला तो वेगळा प्रांत झाला. कराचीतल्या एका जुन्या हायस्कूलला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. आणि आपली कोकणी माणसं बंदरावर, जहाजांवर कामाला तिकडे गेली, ती परदेशी जातोय म्हणून गेली नव्हती.

मुंबई ते कराची सरळ रेषेत साधारण पावणेनऊशे किलोमीटर. दिल्ली यापेक्षा लांब आहे. आजच्या जेटला दीड तास पुरेल. पण थेट विमानच नाही. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, व्हिसाही थांबले. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर तीन हजार किलोमीटरच्या वर उडावं लागतं, तेही व्हिसा असेल तरच.

माझ्या नानीची धाकटी बहीण साठच्या दशकात लग्न होऊन कराचीला गेली. गेल्या वर्षी तिचा इंतकाल झाला. नानीने जनाजा मोबाइलवर पाहिला. मध्येच नेट गेलं, परत आलं तेव्हा लोक कबरस्तानातून निघाले होते.

हे लिहितोय म्हटल्यावर एक मित्र म्हणाला, “कशाला? ‘पाकिस्तानात जा’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल.” त्याची भीती खोटी नाही. याच भीतीने आपल्या घरांत कराचीचे फोन दार लावून घेतले जातात. पण सख्ख्या बहिणीच्या मयतीला जाता यावं, एवढं मागितल्याने देशावरची निष्ठा कमी होते असं ज्याला वाटतं, त्याला घाबरून आपण किती दिवस गप्प बसायचं? पहलगाममध्ये 26 निरपराध माणसं मारली गेली. त्या खुन्यांना कसलीही माफी नको, आणि व्हिसाची छाननी कडकच हवी. पण ऐंशी वर्षांच्या बाईची छाननी करायला सरकारला असा कितीसा वेळ लागणार?

परवानगी देता येते, हे जुहूनेच पाहिलं आहे. कराची-मुंबई हे उड्डाण जेआरडींनी 1962 मध्ये पुन्हा केलं आणि 1982 मध्येही, वयाच्या 78 व्या वर्षी. मधल्या वीस वर्षांत दोन युद्धं होऊन गेली होती.

माझी मागणी छोटी आहे. थेट विमान कधी सुरू होईल ते होवो. तोवर आजारपण आणि मयतीसाठी, निदान म्हाताऱ्या माणसांना, ठरलेल्या मुदतीत व्हिसा मिळावा. हे निवेदन कराचीत नातेवाईक असलेल्या घरांनी आपल्या नावानिशी खासदारांकडे द्यावं. आमच्या मोहल्ल्यात अशा घरांची यादी करायला घेतली आहे. सात घरांनी नाव दिलं, तीन घरांनी “नंतर बघू” म्हटलं. पहिली सही नानीची आहे.