‘जी’ म्हणजे पिढी, मात्रा नव्हे
१/ १९९५ साली मुंबईत मोबाइल आला तो दुसऱ्या पिढीचा. २०२२मध्ये पाचवी अवतरली. ५जीमधील ‘जी’ ही पिढीची खूण आहे. रेडिएशनची मात्रा तीवरून कळत नाही.

२/ मे २०११मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवल्या. सप्टेंबर २०१२पासून भारताने ९०० मेगाहर्ट्झच्या टॉवरची मर्यादा प्रति चौरस मीटर ४.५ वॅटवरून ०.४५ वर आणली.

३/ गिरगाव-लालबागच्या दाट वस्तीत समोरच्या गच्चीवरचा अँटेना खुपणे स्वाभाविक आहे. परंतु तो हटवून रेंज खालावली, तर कानाशी धरलेला फोनच अधिक शक्तीने लहरी सोडतो. म्हणून रहिवाशांनी आग्रह धरावा तो मोजमापाचा. भय आणि आश्वासन, दोन्ही आकड्यांवरच पारखावीत.