बॅगेत आधी सॅम्पल, मग शर्ट

धंद्यासाठी बाहेरगावी निघालेल्या माणसाची बॅग बघितली, की तो गिऱ्हाइकाला भेटायला चाललाय की लग्नाला, हेच कळत नाही. दोन दिवसांच्या मुंबईला पाच शर्ट, बुटांचा वेगळा जोड, बाथरूममधली शाम्पूची अख्खी बाटली. आणि सॅम्पल? "जागाच नव्हती सर, मोबाईलवर फोटो दाखवतो."

फोटो बघून ऑर्डर देणारा गिऱ्हाईक पुण्यात बसूनही मिळतो. तुम्ही तिकीट काढून गेलात ते माल त्याच्या हातात द्यायला. म्हणून बॅगेवर पहिला हक्क मालाचा. उरलेल्या जागेत कपडे बसवा.

पुणेकराला हे बघायला लांब जायला नको. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आपल्याकडे मुक्कामाला असतात, तेव्हा भवानी पेठ, नाना पेठेत चक्कर मारा. सुमारे तीन आठवड्यांची पायी वाट, तीही पावसाळ्यात, आणि खांद्यावर एक पिशवी. सुती धोतर किंवा लुगडं रात्री धुवायचं, जमेल तिथे वाळवायचं. पण लोक अर्धीच गोष्ट सांगतात. तंबू, भांडी, शिधा हे सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. खांद्यावर काय आणि ट्रकमध्ये काय, हे आधीच ठरलेलं असतं. आपणही तेच करायचं. जड माल दोन दिवस आधी ट्रान्सपोर्टने किंवा कुरिअरने पाठवा. हातात सॅम्पल, ऑर्डर बुक आणि स्वतःचं थोडकं सामान.

हिशोब करून बघा. सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते. बॅग हलकी असेल तर तसेच मस्जिद बंदरला चालत जाल. जड असेल तर आधी टॅक्सी, मग लॉज शोधा, तिथे बॅग टाका. पहिल्या भेटीला बारा वाजले, की संध्याकाळची परतीची गाडी हुकली आणि रात्रीचं भाडं अंगावर पडलं. विमानातही तेच. साधारण सात किलोची हातातली बॅग असली, तर उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळावं लागत नाही. घरूनच वजन करून निघा.

कपड्यांचं म्हणाल तर गडद रंगाची एक पँट अंगावर, एक बॅगेत. त्या दोन्हींवर चालतील असे दोन-तीन शर्ट. ताईंनो, एक काळी सलवार, तिच्यावर जाणारे तीन कुर्ते आणि मोठी ओढणी. ही ओढणी एसी डब्यात शाल होते आणि महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात रात्री स्टॉल झाकायलाही कामी येते. "ब्लेझरशिवाय इम्प्रेशन पडत नाही" म्हणणारे ट्रेनर आहेत, मला ते पटत नाही. मे महिन्यात सुरतच्या कापड बाजारात ब्लेझर घालून फिरणाऱ्याला व्यापारी नवखा समजतो आणि भाव तसाच सांगतो. इस्त्रीचा स्वच्छ शर्ट पुरतो.

टॉवेलऐवजी पंचा घ्या. सोलापुरी टॉवेल उत्तमच, पण ओला झाला की सकाळच्या गाडीपर्यंत वाळत नाही. पंचा तासाभरात वाळतो.

साबण वडीचाच न्या, सांडत नाही. खोबरेल तेल रुंद तोंडाच्या छोट्या डबीत भरा. थंडीत दिल्लीला गेलात तर बाटलीत गोठून बसतं. शाम्पूची पुडी घ्या, आणि फोडताना तिच्यामागचा धंदाही आठवा. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत आणला. त्यांच्या मुलाने, सी. के. रंगनाथन यांनी, १९८३ मध्ये स्वतःची कंपनी काढून 'चिक'ची पुडी खेडोपाडी पोचवली. मोठी बाटली न परवडणाऱ्या माणसाला त्यांनी गिऱ्हाईक केलं.

आणि जाताना बॅगेचा तिसरा हिस्सा मोकळाच ठेवा. येताना कापडाचे नमुने असतात, व्यापाऱ्याने दिलेली कॅटलॉगं असतात. सुरतेहून घारीचा डबा आणला नाही तर घरी काय ऐकावं लागतं, ते मी सांगायला नको.