ईसीजी काढायला बाई आहे का?



ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. दरवर्षी १०० मुलेमुली तिथे डॉक्टरकी शिकायला येणार, हे चांगलेच झाले. पण दवाखाना काही एकट्या डॉक्टरवर चालत नाही. ईसीजी कोण काढते? अँजिओग्राफी चालू असताना रक्तदाबाच्या रेषेवर डोळा कोण ठेवते? हे काम हृदय-तंत्रज्ञांचे. त्यात आपल्या मुली असाव्यात असे आम्हाला वाटते, आणि ते केवळ नोकरीसाठी नव्हे.

ईसीजीसाठी छाती उघडी करावी लागते. सहा चकत्या ठरलेल्या जागीच बसवायच्या असतात. त्यातली चौथी बरगड्यांच्या पाचव्या फटीत, म्हणजे बहुतेक बायांच्या डाव्या स्तनाखाली येते. यंत्रापाशी पुरुष असला की बाई पदर सोडत नाही, तोही अवघडतो. मग वरचे दोन हूक काढून भागवले जाते आणि चकती वर सरकते. पट्टी निघते, पण भलतीच. तिच्यात नसलेला झटका दिसू शकतो, असलेला झाकला जाऊ शकतो. त्यात बायांचा झटका पुष्कळदा पाठ, जबडा, मळमळ, दम, थकवा अशा वाटेने येतो. 'पित्त झालंय' म्हणून घरचे गप्प बसवतात आणि कधीकधी डॉक्टरही. पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, तीदेखील एका तरुण बाईच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना म्हणून. त्या संकोचातून निदान एक साधन तरी निघाले. आपल्याकडे त्याच संकोचापायी बाई तपासणीशिवाय घरी परतते.

हे शिकायचे कुठे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात हृदयरोग शाखाही आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. दुकानाच्या माडीवर सहा महिन्यांत 'कार्डिअॅक टेक्निशियन' करून देणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने किमान २००० तासांचे आणि दोन वर्षांचे शिक्षण आवश्यक ठरवले आहे. विद्यापीठ कोणते, नोंदणी होते का, रोग्याला हात लावायला कुठल्या रुग्णालयात मिळणार, हे विचारल्याशिवाय आईने मंगळसूत्र गहाण टाकू नये. जुलै २०२४ च्या निर्णयाने राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. ते या प्रवेशाला लागू आहे की नाही, हेही लेखी घ्या.

'कॅथलॅबमध्ये क्ष-किरण असतात, ते मुलींचे काम नव्हे' असे ऐकवले जाईल. शिशाचा पाच-सात किलोचा अॅप्रन पुरुषालाही घालावाच लागतो. किरणांची मोजणी करणारा बिल्ला सगळ्यांनाच लावावा लागतो. दिवस गेल्यावर गर्भाला किती किरण पोचू द्यायचे याची मर्यादा नियमातच आहे. नियम पाळणे ही मालकाची जबाबदारी, बाईला दारात अडवण्याची सबब नव्हे. (आणि इकोचे यंत्रही ध्वनिलहरींवरच चालते बरे का! त्याच लहरींनी मुली हेरून मारल्या गेल्या, म्हणून १९८८ चा राज्याचा आणि १९९४ चा केंद्राचा कायदा आपण भांडून मिळवला. तेच तंत्र मुलीच्या हाती असेल तर आम्हाला आनंदच आहे.)

खरी अडचण त्याआधीची. हा अभ्यासक्रम संपेतो मुलगी बावीस वर्षांची होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालना जिल्ह्यातील विशीच्या पुढच्या तरुणींपैकी साधारण तिघींत एकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते. गावात दहावीनंतर विज्ञान नाही, एसटी वेळेवर नाही, आईबाप उसाच्या फडावर गेलेले. अशा घरात 'बारावी सायन्स' हा शब्दच परका. त्यामुळे नुसती माहितीपत्रके वाटून हे होणार नाही. वसतिगृह लागेल, आणि इंटर्नशिपच्या वर्षात विद्यावेतन लागेल.

जालन्याच्या नव्या महाविद्यालयात हृदय-तंत्रज्ञांच्या किती जागा असणार, मुलींच्या वसतिगृहात पॅरामेडिकलच्या विद्यार्थिनींना जागा आहे का, हे अधिष्ठात्यांना माहिती अधिकारात विचारता येते. तोवर मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या गटांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढेच पाहून यावे : ईसीजी कोण काढते, पडदा आहे का, सोबतीला बाई उभी राहते का. जे दिसेल ते पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात तालुकावार छापू.