दाखला मागणाऱ्यानेच दाखल्याचा खर्च सोसावा



कोरोनाची साथ ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि प्रवासाच्या दाखल्यांचा विषय सरकारांनी फायलीत बांधून कपाटात टाकला. आम्ही मात्र तो विसरायला तयार नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत २०२४ साली दुरुस्त्या झाल्या, त्या सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि प्रवाशाचा आरोग्य दाखला कागदी असो वा डिजिटल, दोन्हींची सोय त्यात करून ठेवण्यात आली. म्हणजे पुढच्या साथीच्या दाखल्यांची तयारी आजच झाली आहे. मग त्या दाखल्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्नही आजच विचारला पाहिजे. साथ दारात आल्यावर प्रश्न विचारणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हे आपण पाहिले आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. ज्या सरकारला प्रवाशाकडे आरोग्याचा दाखला मागायचा असेल, त्याने तो दाखला वेळेवर आणि विनामूल्य मिळण्याची व्यवस्था करावी. तेवढे जमत नसेल तर मागू नये.

एक रहिवासी, दोन हद्दी

हे पत्र आम्ही दिल्लीच्या मयूर विहारमधून लिहीत आहोत. यमुनेपलीकडची ही वसाहत उत्तर प्रदेशच्या हद्दीला लागून आहे. फेज एकपासून चिल्ला नाका जवळ, आणि नाका ओलांडला की नोएडा. इथली माणसे रोज पोटासाठी ही हद्द ओलांडतात. येथे मराठी कुटुंबेही आहेत. त्यांना गावी जायचे तर नदी ओलांडून निजामुद्दीनला गाडी धरायची.

नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत साथ पुन्हा भडकली. १८ नोव्हेंबरला नोएडा प्रशासनाने चिल्ला आणि डीएनडी या नाक्यांवर आरोग्य खात्याची पथके उभी केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांतून काही जणांना थांबवून जागेवरच अँटिजेन चाचणी करायची आणि निकाल पाहून सोडायचे, अशी ती पद्धत होती. लोकांना तिचाही त्रास झाला. पण चाचणी करण्याचे काम सरकारने स्वतःच्या अंगावर घेतले होते.

पाचच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, महाराष्ट्र शासनाचा आदेश निघाला आणि २५ तारखेपासून तो अंमलात आला. दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून येणाऱ्यांनी आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सोबत आणावा, विमानाने येणाऱ्यांचा ७२ तासांच्या आतला आणि रेल्वेने येणाऱ्यांचा ९६ तासांच्या आतला. चाचणी कुठे करायची, पैसे कोण देणार, अहवाल वेळेत आला नाही तर काय करायचे, हे सगळे प्रवाशाने पाहायचे.

त्या आठवड्यात दिल्लीच्या खासगी प्रयोगशाळेत या चाचणीचा दर २४०० रुपये होता. चार माणसांच्या कुटुंबाला ९६०० रुपये. शयनयानाच्या तिकिटाहून नाकातली काडी महाग! ३० नोव्हेंबरला दिल्ली सरकारने हा दर ८०० रुपयांवर आणला. आम्ही विचारतो, २४०० रुपयांची चाचणी एका सहीने ८०० रुपयांना होऊ शकत होती, तर आधीचे १६०० रुपये कशाचे होते? आणि आदेश काढणाऱ्यांनी ही सही होईपर्यंत पाच दिवस थांबायला काय हरकत होती?

सरकारी केंद्रांवर चाचणी मोफत होती, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथली रांग आणि अहवालाची वाट यांचा हिशेब करा. ९६ तास म्हणजे चार दिवस. पुण्यापर्यंतच्या प्रवासात त्यातला एक दिवस गेला. अहवालाला दोन दिवस लागले तर हाती एक दिवस उरला. त्यात रविवार आला, गाडीला उशीर झाला की कागद रद्दी.

आमच्या एका सहकाऱ्याची आई जळगाव जिल्ह्यात वारली. निरोप रात्री आला, गाडी दुसऱ्या दिवशी होती. त्याने सकाळीच एका खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून नमुना दिला. गाडी सुटेपर्यंत अहवाल आला नाही. तो निघाला नाही, कारण उतरल्यावर आपल्याला अडकवतील आणि नोकरीवरही बोट ठेवतील अशी त्याला भीती होती. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, निगेटिव्ह. तोवर तिकडे अग्नी दिला गेला होता. हे पैसे आणि ही वेळ त्याला कोण परत देणार?

आता त्याच आदेशातली पुढची ओळ पाहा. रेल्वेने अहवालाविना आलेल्याचे उतरण्याच्या स्थानकावर तापमान आणि लक्षणे तपासावीत, लक्षणे नसल्यास त्याला घरी जाऊ द्यावे, असे तिथेच लिहिले होते. लक्षणे असतील तर अँटिजेन चाचणी, आणि तिचा खर्चही प्रवाशाचा. म्हणजे अहवाल आणणारा आणि न आणणारा, दोघेही ठणठणीत असले तर दोघेही घरी जाणार. फरक एवढाच की नियम पाळणाऱ्याचे पैसे गेले आणि आमच्या सहकाऱ्यासारखा भ्यालेला माणूस आईच्या अखेरच्या दर्शनाला मुकला. आदेशाची ही सवलत फलाटावर आणि तिकीट खिडकीवर ठळक अक्षरांत का लावली नाही?

१८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्राने दिल्लीसह सहा प्रदेश ‘संवेदनशील’ ठरवले आणि रेल्वे प्रवाशांसाठी अहवालाची मुदत ४८ तासांवर आणली. दुसऱ्याच रात्रीपासून दिल्लीत टाळेबंदी लागली. प्रयोगशाळा नमुन्यांखाली दबलेल्या, अहवालाला कित्येक दिवस लागत होते. अशा शहरातल्या माणसाकडे ४८ तासांचा कागद मागणे म्हणजे विहीर आटलेल्या गावात पाणीपट्टी वसूल करणे होय.

कागदाची रांग आणि करमाड

हा प्रकार नोव्हेंबरात सुरू झाला नव्हता. १ मे २०२०, कामगार दिन. त्या दिवसापासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टअखेर ४६२१ गाड्यांनी ६३ लाखांवर माणसे घरी पोहोचवली आणि त्या गाड्या आपल्या लोको पायलटांनी, गार्डांनी, पॉइंट्समननी, स्टेशन मास्तरांनी चालवल्या. पण महाराष्ट्रात सुरुवातीला गाडीत बसण्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. महिनाभर मजुरी नसलेली माणसे दवाखान्यांपुढे उन्हात एकमेकांना खेटून उभी राहिली. काही ठिकाणी त्या सही-शिक्क्याचे पैसे उकळले गेले. रोग टाळण्यासाठी मागितलेल्या कागदाने रोगालाच गर्दी जमवून दिली. ओरड झाल्यावर शासनाने ही अट काढली आणि मोफत तपासणीचे ठरवले. मे २०२० मध्ये जे शहाणपण सुचले, ते नोव्हेंबर २०२० मध्ये कुठे गेले?

८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याहून भुसावळकडे ते रुळाच्या कडेने चालत निघाले होते, थकून रुळांवरच झोपले. आपण पासासाठी अर्ज केला होता पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी पत्रकारांना सांगितले. ज्याला कागद मिळत नाही तो प्रवास सोडून देत नाही, तो पायी निघतो. त्या मालगाडीच्या चालकाच्या मनावर काय ओढवले असेल, हे आपल्या बिरादरीला वेगळे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

हे आदेश ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधाराने निघाले, तो मुंबईच्या प्लेगमधून जन्मला. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी हा अधिकार त्यात नाव घेऊन दिलेला आहे. शिवाय उपायांचा खर्च कोणी आणि कसा सोसायचा, नुकसानभरपाईसुद्धा, हे सरकारने ठरवावे असेही त्यात आहे. ब्रिटिशांच्या कायद्यातही हा प्रश्न मोकळा ठेवला होता. स्वतंत्र भारतातल्या अधिकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले: प्रवाशाने सोसायचा!

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे कलम ४० याहून स्पष्ट आहे. प्रवाशाची प्रकृती जाणून घेण्यासाठी सरकार जी वैद्यकीय तपासणी करते तिचे, तसेच विलगीकरणाचे शुल्क त्याच्याकडून घेऊ नये, असे ते सांगते. आणि प्रत्यक्षात? डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी ‘जोखमीच्या’ देशांतून आलेल्यांना विमानतळावर स्वखर्चाने चाचणी सक्तीची झाली. घाई असलेल्यासाठी जी रॅपिड पीसीआर चाचणी होती, तिचा दर मुंबई विमानतळावर ४५०० रुपये होता, तो ओरड झाल्यावर ३९०० झाला. कलम ४० कोणत्या टेबलाखाली पडले होते?

त्या कलमातली मेखही सांगितली पाहिजे. परक्या देशात तात्पुरत्या किंवा कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणजे सहलीला जाणारा सुरक्षित, आणि रत्नागिरीहून आखातात मजुरीला जाणारा वाऱ्यावर. ऑगस्ट २०२१ पासून काही महिने संयुक्त अरब अमिरातीला जाणाऱ्याला ४८ तासांतला अहवाल लागेच, वर विमान सुटण्याआधी काही तासांत विमानतळावर दुसरी चाचणी. मजुरी हातात पडण्याआधी दोन चाचण्यांचे कर्ज डोक्यावर.

२८ दिवस आणि ८४ दिवस

लसीच्या दाखल्याने तर कळस केला. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर किमान ८४ दिवस झाले. ७ जूनला केंद्राने शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा देण्याची मुभा दिली. परदेशी जाणाऱ्यांची सोय झाली याचे आम्हाला दुःख नाही. पण १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलचा पास दोन मात्रा होऊन १४ दिवस झालेल्यालाच मिळू लागला. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या तरुणांना सरकारी केंद्रावर केंद्राची मोफत लस २१ जूनपासून मिळू लागली. अगदी पहिल्या दिवशी टोचून घेतली तरी ८४ दिवस १३ सप्टेंबरला भरतात, आणि वर १४ दिवस धरले की २७ सप्टेंबर उजाडतो. म्हणजे नियम तंतोतंत पाळणारा डोंबिवलीचा तरुण कामगार दीड महिना लोकलबाहेर. लंडनला जाणाऱ्याची लस २८ दिवसांत पक्की आणि डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्याची ८४ दिवस कच्ची? हे वैद्यकशास्त्र कोणत्या पुस्तकात आहे?

आमच्यावर उलटणारा प्रश्न

काही जण म्हणतील, तुम्ही तर रेल्वेची माणसे, प्रवासी तपासून आले तर तुमचाच जीव वाचतो. खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही चाचणीच्या विरोधात नाही. १० मे २०२१ रोजी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की मार्च २०२० पासून १९५२ रेल्वे कर्मचारी कोरोनाने दगावले. टपाल खात्यातल्या बांधवांनी टाळेबंदीत औषधे घरोघर नेली, चाचणीची किट प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवली. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून विशाखापट्टणमला रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस गेली ती आपल्याच हातांनी. याच मयूर विहारच्या फेज तीनमधील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर एप्रिल-मे २०२० मध्ये शंभराहून अधिक जवान बाधित झाले. कामावर हजर राहणाऱ्याला साथीची किंमत कळते.

पण चार दिवसांपूर्वीचा कागद तिकीट तपासनीसाला वाचवत नाही. नमुना दिल्यानंतर माणूस बाजारात जातो, फलाटावर उभा राहतो, भरलेल्या डब्यात रात्र काढतो. शिवाय चाचणी विकत घ्यायची म्हटली की खोटा अहवाल विकणाराही उभा राहतो, अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. आम्हाला वाचवतात त्या गोष्टी वेगळ्या: डब्यात कमी गर्दी, जास्त गाड्या, चांगले मास्क, वेळेवर लस, आजारपणात पगारी रजा आणि स्थानकावरच फुकट तपासणी. या सगळ्यांना सरकारचा पैसा लागतो. कागदाला लागतो तो प्रवाशाचा, म्हणून सरकारला कागद प्रिय.

आमच्या मागण्या

एक: देशांतर्गत वा परदेश प्रवासासाठी सरकारने सक्तीची केलेली प्रत्येक चाचणी विनामूल्य असावी.

दोन: अहवालाची मुदत, तो देण्यास लागणारा वेळ पाहून ठरवावी. वेळेत अहवाल न मिळाल्यास नमुना दिल्याची पावती ग्राह्य धरावी.

तीन: मृत्यू, बाळंतपण आणि गंभीर आजार यांसाठी निघालेल्या प्रवाशाची चाचणी उतरण्याच्या स्थानकावर शासनाने करावी.

चार: लस मिळण्याची पाळी ज्याची आलेलीच नाही, त्याला लसीच्या दाखल्याअभावी कामाच्या गाडीतून उतरवू नये.

पाच: रेल्वे आणि टपाल कर्मचारी, ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगारांसह, साथीच्या पहिल्या दिवसापासून आघाडीचे कर्मचारी मानावेत. दाखले तपासण्याचे काम त्यांच्यावर लादायचे असेल तर जादा माणसे आणि संरक्षण द्यावे.

प्रत्येक शाखेने येत्या सर्वसाधारण सभेत या मागण्या ठराव म्हणून मांडाव्यात, मंजूर करून महासंघाकडे पाठवाव्यात. ज्यांच्यापाशी त्या काळातल्या चाचणीच्या पावत्या असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि शाखेकडे त्यांची नोंद द्यावी. पुढच्या वेळी वाटाघाटीच्या टेबलावर आपल्यापुढे सरकार आदेश ठेवील, तेव्हा आपण या पावत्यांचा गठ्ठा ठेवू.

कामगार एकजुटीचा विजय असो!

शाखा सचिव, मयूर विहार, दिल्ली