कोरडे घर, हलका खर्च

पावसाळा सरून भिंती वाळल्या की आपल्याकडे घरबांधणीच्या गोष्टी निघतात. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत गवंडी, सुतार आणि सेंट्रिंगवाले मिळणे कठीण होते. कोल्हापुरातील पुष्कळ मुस्लिम घरांची सोयरीक घाटाखाली आहे. कुणाचे आजोळ संगमेश्वरला, कुणाची लेक राजापूरला, कुणाचे भाऊ चिपळूणला. त्यामुळे घराचे विचारविनिमय घाटाच्या दोन्ही बाजूंनी चालतात. या महिन्यात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत: जिथे चार महिने हवा ओली असते, तिथे कमी पैशात, कमी विजेवर चालणारे घर कसे बांधावे?

प्रथम पाऊस समजून घेऊ. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्यात पाच हजारांच्याही वर. कोल्हापूरहून गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस पाचपट होतो, पण घराचा नकाशा मात्र सगळीकडे एकच काढला जातो: चौकोनी पेटी, वर सपाट स्लॅब, पुढे काचेची मोठी खिडकी.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. घरातला कर्ता माणूस वीस वर्षे आखातात राबला आणि हलाल कमाईतून त्याने गावी स्लॅबचे घर बांधले. जुने जांभ्याचे कौलारू घर पाडून टाकले. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब झिरपू लागला. मग त्यावर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची शेड घातली. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. दादीच्या खोलीत आजही भाद्रपदापर्यंत भिंत ओली असते आणि दादींना दम्याचा त्रास आहे. कोकणात अशी शेड घातलेली घरे गावोगाव दिसतात. ओल हा नुसता रंग खराब होण्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, कारण अशा घरात श्वसनाचे विकार आणि दमा बळावतो. सर्वांत जास्त वेळ घरात राहणाऱ्यांना, म्हणजे बायका, लहान मुले आणि वृद्धांना, त्याची झळ आधी लागते.

जागा आणि जोते

कोल्हापुरात घर बांधणाऱ्याने पहिला प्रश्न नदीचा विचारावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. चिपळूणनेही २२ जुलै २०२१ चा दिवस पाहिला आहे. स्वस्त मिळतो म्हणून पूररेषेतला प्लॉट घेऊ नये. निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा पाहावा आणि शेजाऱ्यांना विचारावे, पाणी कुठवर आले होते? भिंतीवरची खूण कागदापेक्षा खरे बोलते.

जोते उंच घ्यावे. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, ओल अडवणारा काँक्रीटचा थर सलग घालावा. जमिनीतले पाणी वातीत तेल चढावे तसे भिंतीत चढते आणि सोबत क्षार आणते. प्लास्टर फुगते, पांढरी भुकटी सुटते ती त्यामुळे. हा थर नंतर घालता येत नाही. घालायचा म्हटले तर भिंत पोखरावी लागते. घराभोवती उताराची फरशी आणि गटार केले तर निम्मे काम तिथेच होते. खाडीची न धुतलेली वाळू काँक्रीटमध्ये कधीही वापरू नये. तिच्यातले मीठ सळई गंजवते आणि फुगलेली सळई काँक्रीट फोडून बाहेर येते.

भिंत आणि छप्पर

घाटाखाली जांभा हा अल्लाहने दिलेला हाताशी असलेला माल आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून सहज तासता येतो. हवा लागली की कठीण होतो. स्कॉटिश अभ्यासक फ्रान्सिस बुकानन याने मलबारातला हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिले, ते विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरूनच. एक चिरा सात-आठ विटांची जागा भरतो आणि भट्टीचा कोळसा जाळावा लागत नाही. मात्र जांभा पाणी पितो. म्हणून बाहेरून दरजा नीट भराव्यात आणि आतून ऑइलपेंटऐवजी चुन्याचा रंग द्यावा, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडू शकते.

घाटावर वीटच परवडते. तिथे लॉरी बेकर यांची पद्धत आठवावी. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुविशारद केरळात स्थायिक झाले आणि गरिबांसाठी घरे बांधत राहिले. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची, या पद्धतीला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. नऊ इंची भिंतीत सुमारे पाव विटा वाचतात, मसालाही कमी लागतो, आणि पोकळीतली हवा बाहेरचा उष्मा व ओल आत येऊ देत नाही. गवंड्याला ही रचना येते की नाही, हे आधी एका छोट्या भिंतीवर पाहावे.

पण जास्त पावसात भिंतीचे रक्षण शेवटी छप्परच करते. उतरते छप्पर आणि अडीच-तीन फूट बाहेर आलेली वळचण असेल तर पाऊस भिंतीला लागतच नाही. मंगळुरी कौल आपल्याकडे जुने. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात त्याचा कारखाना काढला. कौल तापते कमी आणि फुटले तर तेवढेच बदलता येते. अर्थात अडचणी आहेत. वानरे कौले फोडतात, आणि दरवर्षी कौले चाळणारा माणूस मिळत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चांगल्या प्रतीचा रंगीत पत्रा घालावा, पण उतारावर, आणि खाली माळा किंवा छत करून मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. स्लॅबच हवा असेल तर तोही उतरता घालता येतो.

हवा आणि पडदा

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सोलापुरात कूलर थंडावा देतो, रत्नागिरीत देत नाही. कोरड्या हवेत पाणी उडून गारवा येतो. दमट हवेत पाणी उडतच नाही, उलट कूलर ओल वाढवतो. किनाऱ्यावर गारवा मिळतो तो अंगावरून वारा गेल्याने. म्हणून आखातातल्या बंदिस्त, काचेच्या, एसीवर चालणाऱ्या घराची नक्कल कोकणात करू नये. इजिप्तचे थोर वास्तुविशारद हसन फतही यांनी गरिबांसाठी मातीच्या जाड भिंतींची, घुमटांची घरे बांधली. ती वाळवंटाच्या कोरड्या हवेसाठी होती. त्यांच्याकडून घ्यायचा तो घुमट नव्हे, तर आपल्या हवेचा विचार आपण करावा हा धडा.

प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन वाटा हव्यात. एक हवा येण्याची, एक जाण्याची. पुष्कळ घरांत बेपर्दगी नको म्हणून गल्लीकडची खिडकी कायम बंद असते आणि खोली कोंदट राहते. त्यावर विटांची जाळी हा सोपा उपाय आहे. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, पण बाहेरच्याला आतले दिसत नाही. अरब मुलुखातल्या घरांतली लाकडी जाळीची खिडकीही याच गरजेतून आली. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला पडवी काढावी. त्याच पडवीत कपडे वाळवावेत. घरात दोऱ्या बांधून वाळवलेले कपडे आपले सगळे पाणी घरालाच देतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वुजूची जागा यांना वर झरोका किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच.

वीज आणि पैसा

साधा जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. घरात चार पंखे रोज १२ तास चालत असतील तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. शंभर युनिटच्या वर गेले की महावितरणचा दर चढतो, म्हणून ही बचत दिसते त्याहून मोठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देते, पावसाळ्यात कमी. छपराचा एक उतार दक्षिणेकडे ठेवला तर पॅनेलची सोय आपोआप होते.

आता पैशाचा मुद्दा. सूदाचे कर्ज टाळणारी आपली कुटुंबे घर टप्प्याटप्प्याने बांधतात. ही रीत चांगली आहे, फक्त टप्पे योग्य हवेत. जे नंतर दुरुस्त करता येत नाही त्यावर आधी खर्च करावा: पाया, ओलीचा थर, छप्पर, पाण्याचा निचरा. जे नंतर करता येते ते थांबवावे: महागडी फरशी, पीओपीचे छत, फाटक, दिवाणखान्याची सजावट. प्रत्यक्षात उलटे होते. मुलीचे लग्न तोंडावर असते, पाहुण्यांना दिवाणखाना दाखवायचा असतो, आणि वळचण राहून जाते. पुढच्या मजल्यासाठी उघडे सोडलेले गजही खाऱ्या हवेत गंजतात. वर मजला चढवण्यापेक्षा शेजारी खोली वाढवणे पुष्कळदा स्वस्त पडते.

सूरह अन्-नहलमध्ये घराचा उल्लेख अल्लाहची नेअमत आणि विसाव्याची जागा म्हणून आला आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. तीच शिकवण विटा, सिमेंट आणि विजेलाही लागू आहे. या हंगामात जे घर बांधणार आहेत त्यांनी कंत्राटदाराशी बोलताना फरशीचा रंग विचारण्याआधी ओलीचा थर, वळचण आणि झरोके या तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या नकाशावर लिहून घ्याव्यात. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरात बरकत देवो. आमीन.