पंचनामा कोर्टात का पडतो?

वडाळ्याला राहून गोदीत नोकरी करणाऱ्या एका चाकरमान्याचा परवा फोन आला. गावी धाकटा भाऊ शेती बघतो. सोयाबीन उगवलं नाही, तालुक्याच्या समितीने पंचनामा केला. "साहेब, कागद हातात आहे. आता निकाल आपलाच ना?" मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. कागदात एकच ओळ होती : उगवण कमी आढळली. का कमी, ते कुठेच नाही.

अशा कागदावर दावा टिकत नाही. तज्ज्ञाचे मत हा पुरावा आहे, निकाल नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 नुसार (पूर्वीचे कलम 45) शास्त्रीय विषयात न्यायालय जाणकाराचे मत विचारात घेते. पण ते मत कशावरून बनले, हे सांगावे लागते.

आम्हा अधिकाऱ्यांनी 1999 चा हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल हा निकाल ध्यानात ठेवावा. सफरचंदाच्या बागांतून किती माल निघाला असेल, याचा अंदाज एका फलोद्यान अधिकाऱ्याने दिला होता. असा अंदाज बांधण्याचे खास ज्ञान नाही आणि हिशेबाला आधार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. नुसत्या हुद्द्यावर भागत नाही.

हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या 2005 च्या प्रकरणात अहवाल होता, पण बियाणे निकृष्ट असल्याचे त्यात म्हटले नव्हते. पाणी, पावसाची ओढ, जमिनीतले क्षार, पेरणीची पद्धत यांनीही पीक बिघडू शकते, असे न्यायालयाने म्हटले. शेतकरी हरला.

आता दुसरी बाजू. नमुना प्रयोगशाळेत का तपासला नाही, असे कंपन्या विचारतात. महिकोच्या 1998 च्या आणि राष्ट्रीय बीज निगमच्या 2012 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो. तपासणीसाठी त्याने राखून ठेवावे, ही अपेक्षा चूक. कंपनीनेच नमुना तपासून घेण्याचा अर्ज करावा. म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नसला तरी दार बंद होत नाही. मात्र मग सगळा भार शेतातल्या पाहणीवर येतो.

म्हणून पुढील गोष्टी करा :

1. पावती, पिशवी आणि लॉट नंबरचे लेबल जपा. मूठभर बियाणे पिशवीत राखता आले तर उत्तमच.

2. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पाहणीची नोटीस कंपनीला व दुकानदारालाही जाऊ द्या.

3. पंचनाम्यात पेरणीची तारीख, आधी झालेला पाऊस, खोली आणि ओळीतली मोजलेली रोपे लिहून घ्या. शेजारी त्याच दिवशी दुसऱ्या लॉटची पेरणी झाली असेल तर तिथली उगवणही मोजा. पाऊस तोच, जमीन तीच, मग फरक बियाण्याचा, हे त्यातूनच दिसते.

4. शेवटी कारण स्पष्ट लिहा. दोष बियाण्याचा नसेल तर तसेही लिहा.

दुबार पेरणीची घाई आम्हालाही कळते. ओल कुणासाठी थांबत नाही. तरी पाहणी होईपर्यंत निदान काही ओळी मोडू नका. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, शेतातला पुरावा मात्र एका कुळवाच्या पाळीत जातो.

त्या चाकरमान्याच्या भावाचं रान अजून मोडलेलं नव्हतं. फेरपाहणीचा अर्ज त्याच दिवशी द्यायला सांगितला.