आषाढातला बयाणा

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. सातासमुद्रापलीकडच्या मुक्तीत त्यांना आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या मुक्तीची आशा दिसली होती. त्या आशेला पुढे चारच वर्षांत तडा गेला. 1877 मध्ये अमेरिकेच्या सरकारने दक्षिणेतले आपले सैन्य मागे घेतले आणि मुक्त झालेली माणसे पुन्हा जुन्या मालकांच्या तावडीत सापडली. खरे तर पाया त्याआधीच खचला होता. जानेवारी 1865 मध्ये जनरल शेर्मनने किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या जमीनदारांना परत देऊन टाकली. मग काळी कुटुंबे त्याच मळ्यांवर वाट्याने शेती करू लागली, बी-बियाणे आणि पीठमीठ मालकाच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या दुकानातून उधारीवर उचलू लागली आणि वर्षअखेरीच्या हिशेबात त्यांच्याकडेच बाकी निघू लागली. पुढे शंभर वर्षांनी, 1963 मध्ये, वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला त्याच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार होता, आणि त्याची एक मागणी तासाला दोन डॉलर किमान वेतनाची होती. महागाई धरली तर त्या दोन डॉलरची किंमत आज तिथे असलेल्या किमान वेतनाच्या अडीच पटींहून अधिक भरते. केंद्राने ठरवलेले ते वेतन जुलै 2009 पासून सव्वासात डॉलरवर थांबलेले आहे. मधल्या काळात तीन जण अध्यक्षपदावर होते, आणि त्यांतला एक कृष्णवर्णीय होता. अध्यक्ष बदलले तरी मजुरी बदलत नाही, हा अमेरिकेतल्या साध्या माणसाचा वैताग म्हणूनच मला खरा वाटतो. गुलामी उठवणे आणि गुलामाला जगण्याचे साधन देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले की दुसरेही आपोआप झाले, असे मानून तो देश पुढे गेला.

वसई-विरारच्या वाचकाने हे का वाचावे? तर नेमकी हीच चूक आपल्या जिल्ह्यात, आपल्या तालुक्यात आजही चालू आहे म्हणून. इथे काहीच बदलले नाही असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. 1945 मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि वारल्यांनी वेठ नाकारली, लग्नगडी नाकारली. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले म्हणून त्याच्या घरी राबणारा गडी. तो एकटाच नाही, त्याची बायकोही राबायची आणि पुढे मुलेही. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याच्या गोळीबारात पाच आदिवासी पडले, पण पिढ्यान्‌पिढ्यांची ती प्रथा काही महिन्यांत मोडली. पुढे 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला आणि वेठीचे कर्ज कायद्यानेच रद्द झाले. तरीही 1982 मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना आपल्या वसई तालुक्यातल्या दहिसर गावात वेठबिगार सापडले आणि त्यांना सोडवण्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. मुंबईची लोकल जिथवर येते तिथून हाकेच्या अंतरावर, कायदा होऊन सहा वर्षे झाल्यावरची ही गोष्ट आहे. त्या लढ्यात माणसे सुटली, मजुरी वाढली, अंगावर हात टाकणाऱ्याला पोलीस ठाण्यात उभे राहावे लागले. ही कमाई लहान नाही.

पण वेठ टिकते ती चाबकावर नाही, पावसाळ्यातल्या भुकेवर. जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत नागली-वरई निघते ती कुटुंबाला वर्षभर पुरत नाही. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते, बाहेर काम नसते, अंगात ताप असतो आणि किराणा दुकानदार उधारी थांबवतो. अशा वेळी पाड्यावर मुकादम किंवा भट्टीवाला येतो आणि बयाणा देतो. काही हजारांची ती रक्कम हातात घेतली की पुढचा हंगाम विकला गेला. भाऊबीज झाली की कोंबड्या-भांड्यांसकट कुटुंब टेम्पोत बसते आणि भिवंडीच्या नाहीतर आपल्या पारोळ-शिरसाड पट्ट्यातल्या वीटभट्टीवर येऊन पडते. मजुरी हजार विटांमागे ठरते. नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते, त्यामुळे बाईचे काम वहीत वेगळे दिसत नाही आणि माती तुडवणाऱ्या पोराचे तर मुळीच नाही. दर आठवड्याला खर्ची मिळते, ती वहीत चढते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तो मालकाच्या वहीप्रमाणे. बाकी निघाली तर पुढच्या वर्षी फेडायची. पुढच्या वर्षीचा बयाणा त्याच बाकीवर चढतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, म्हटले होते की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करवून घेतलेले काम हे घटनेच्या 23व्या कलमातले सक्तीचे श्रमच होत. भुकेची सक्तीही सक्तीच असते, हे न्यायालयाने तेव्हा ओळखले होते. ही कसोटी भट्टीवरच्या वहीला लावली तर किती मालक तीत उतरतील, हे प्रशासनाने तपासायला हवे.

सरकारला या पावसाळ्याची माहिती नाही असेही म्हणता येत नाही. आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना राज्याने 1978 मध्ये सुरू केली ती याच चार महिन्यांसाठी. मधे ती बंद पडली. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, ती अनुदान म्हणून परत आली, तीही एका वर्षापुरती: कुटुंबामागे 4,000 रुपये, त्यातले निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. म्हणजे दुखणे कुठे आहे हे सचिवालयाला ठाऊक आहे, औषधाचा डोस मात्र एकदाच द्यायचा असे ठरले. त्यानंतरच्याच वर्षी, 2021 मध्ये, मोखाडा तालुक्यातली ती बातमी आली. एका कातकरी बापाने मेलेल्या मुलाच्या कफनासाठी 500 रुपये उसने घेतले होते, ते फेडण्यासाठी त्याला मालकाच्या शेतावर राबवून घेतले गेले आणि शेवटी त्याने आपला जीव दिला, अशी तक्रार होती. वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्या 1976 च्या कायद्यात वेठीला लावणाऱ्याला कमाल शिक्षा तीन वर्षे कैद आणि 2,000 रुपये दंड आहे. सुटलेल्या मजुराच्या पुनर्वसनाची केंद्राची योजना पुरुषाला एक लाख रुपये देते, पण ती पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावर. तातडीची मदत आधी 20,000 होती, आता 30,000 पर्यंत केली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो. तोवर त्या कुटुंबाचे किती पावसाळे जातात याचा हिशेब नियम लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. नीरजा चौधरी खटल्यात, 1984 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की पुनर्वसनाशिवाय केलेली सुटका मजुराला उपासमारीकडे लोटते. अमेरिकेतल्या चाळीस एकरांचाही धडा हाच होता, आणि तो आपल्या न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगूनही अंमलबजावणीत उतरला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो विकासाचा. थोडे थांबा, जिल्हा पुढे चालला आहे, वाढवण बंदर येते आहे, रस्ते होताहेत, त्याचा लाभ झिरपत पाड्यापर्यंत जाईल, असे सांगितले जाते. झिरपण्यासाठी अजून किती वर्षे द्यायची? देशातले पहिले अणुवीज केंद्र 1969 मध्ये याच जिल्ह्यातल्या तारापूरला सुरू झाले. त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी, 1992-93 मध्ये, जव्हारच्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली, आणि 2016 मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा राज्य हादरले. मधल्या काळात संपत्ती वाढली नाही असे नाही. ती वाढली आणि बाजूने वाहत गेली. पाण्याचेच पाहा. सूर्या प्रकल्पाचे धरण विक्रमगड तालुक्यात धामणीला आहे. डहाणू, विक्रमगड आणि पालघरमधली 14,696 हेक्टर जमीन भिजवायची असे ठरवून तो प्रकल्प झाला. पुढे त्यातले पाणी शहरांकडे वळत गेले. सूर्याच्या दोन टप्प्यांतून वसई-विरारला रोज 200 दशलक्ष लिटर येत होते. नव्या प्रादेशिक योजनेत आणखी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला, असे एकूण 403 दशलक्ष लिटर ठरले. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या नालासोपाऱ्याच्या बाईला पाणी नको असे मी कधीच म्हणणार नाही. तिची तहान खरी आहे. पण शेताला दिवाळीनंतर पाणी मिळाले तर दुसरे पीक निघते, आणि दुसरे पीक निघाले तर भाऊबीजेनंतर टेम्पोत बसण्याची वेळ येत नाही. त्या पाण्यात बयाणा नाकारण्याची ताकद होती. ती ताकद ज्यांच्या वाट्याची होती त्यांना मोबदल्यात काय मिळाले, हा प्रश्न नळ उघडणाऱ्या प्रत्येकाने विचारायला हवा. इथे वसईकरांना स्वतःचा इतिहास आठवावा. 1988 मध्ये इथली हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली झाली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने शेती आणि विहिरींच्या पाण्यासाठी रान उठवले होते. आपल्या वाडीच्या पाण्याबद्दल जे आपल्याला तेव्हा कळत होते, तेच धामणीच्या खालच्या शेताबद्दलही खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक उघडपणे बोलला जातो: ही माणसे दारूवर आणि लग्नावर पैसे उडवतात, मुले शाळेत टिकवत नाहीत, त्यांना कोण काय करणार. दारूने घरे बुडतात हे खरेच आहे आणि पाड्यावरच्या बायकांनीच त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे. पण लग्नासाठी कर्ज काढणारा फक्त कातकरी नाही. वसई रोडच्या फ्लॅटमधला नोकरदार लग्नाला कर्ज काढतो, वीस वर्षांच्या हप्त्याने घर घेतो, आणि त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. त्याच्या कर्जाचा कागद असतो, व्याजाचा दर छापलेला असतो, आणि बँक त्याच्या बायकोला वसुलीसाठी माती तुडवायला नेऊ शकत नाही. फरक स्वभावाचा असता तर 500 रुपयांच्या कफनाने माणूस बांधला गेला नसता. तो आहे कर्ज कोणाकडून आणि कुठल्या अटीवर मिळते याचा. शाळेचेही तसेच. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. स्थलांतरितांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, तिच्याजवळच शाळा नेली. तिथे पोरे आली, शिकली. शिकण्याची इच्छा नाही असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर पुरेसे आहे. पण शाळेला मुलाच्या मागे भट्टीवर जावे लागते, याचा अर्थ मूल अजून आपल्या गावात राहू शकत नाही.

तिसरा आक्षेप राजकारणाचा: माणसे बदला, सत्ता बदला, सगळे बदलेल. वसई-विरारने तेही करून पाहिले आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत अनेक वर्षांची पकड सुटली. वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीने गमावल्या. मतदाराने आपल्या हातातले हत्यार वापरले, आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. महापालिकेची मुदत मात्र 2020 मध्येच संपली होती आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिले, म्हणजे जिथे नगरसेवकाला जाब विचारायचा तिथे विचारायला कोणी नव्हते. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसे गेली, ती याच काळात. वीट पाडणारा कातकरी आणि अनधिकृत इमारतीत घर घेणारा चाकरमानी यांना मी एकाच रांगेत बसवत नाही, दोघांची परिस्थिती फार वेगळी आहे. पण दोघांनीही सही केली ती दुसरा पर्याय परवडत नव्हता म्हणून. निवडणुकीत उमेदवारांमधून एक निवडता येतो. मालकाला नाही म्हणण्याची सोय मतपेटीतून आपोआप निघत नाही. ती मागावी लागते, आणि ती मागणी वारल्यांनी 1945 मध्ये केली तशी नेमकी असावी लागते. त्यांनी परिवर्तन हवे असे म्हटले नव्हते; वेठ करणार नाही आणि दिवसाला बारा आणे मजुरी घेऊ, असे म्हटले होते.

आजची तशी नेमकी मागणी मला दिसते ती अशी. 1976 च्या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायला सांगितले आहे. त्या समित्या कोणी मेल्यावर किंवा बातमी छापून आल्यावर हलतात. त्यांनी आषाढात मोखाडा, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर बसावे आणि कोणी, कोणाकडून, किती बयाणा घेतला याची नोंद करावी. त्याच आठवड्यात त्या कुटुंबाला रोजगार हमीचे काम, रोजच्या रोज हातात पडणारी मजुरी आणि खावटीचे धान्य मिळावे, म्हणजे बयाणा परत करता येईल. कार्तिकात तीच यादी वसई आणि भिवंडीच्या तहसीलदारांकडे जावी आणि त्यांनी ती घेऊन भट्टीवर यावे, जोडीतल्या बाईचे नाव वहीत वेगळे लिहून घ्यावे, हजार विटांचा दर किमान वेतनाशी ताडून पाहावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या माणसाला ठाण्याला हेलपाटे घालावे लागू नयेत, कचेरी त्याच्या जवळ यावी, हेच कारण सांगितले गेले होते. कचेरी आता पालघरला आहे. तिथून मोखाड्याच्या पाड्यावर जाणारी गाडी आषाढात निघायला हवी, कारण भट्टीवाल्याचा टेम्पो तिथे दरवर्षी वेळेवर पोहोचतो.